साडेसातशे तास

मेट्रोने दहिसरकडून अंधेरीकडे येताना गोरेगावच्या टप्प्यात निरलॉन नॉलेज पार्कचा परिसर लागतो. काचेच्या उंच इमारती, आखीव झाडे, गळ्यात ओळखपत्रे अडकवून लगबगीने आत शिरणारी तरुण मुले. त्या नावातल्या 'लॉन'चा संबंध हिरवळीशी असावा, असे त्यांच्यापैकी कुणाला वाटले तर त्यात नवल नाही. पण १९६०च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षे त्या जागेवर नायलॉनचा धागा निघत होता, आणि नावातले ते 'लॉन' नायलॉनचे आहे. कारखाना गेला, नाव उरले. उपनगरांतल्या पुष्कळ कारखान्यांचे तेवढेही उरले नाही.

मला या नावापाशी थोडे थांबावेसे वाटते, कारण माझी उमेदीची वीस-बावीस वर्षे नायलॉनच्या सान्निध्यात गेली. धाग्याच्या नव्हे, ज्या नायलॉनपासून यंत्रांचे आणि वाहनांचे लहान लहान भाग साच्यात ओतून करतात, त्या नायलॉनच्या. अंधेरीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. तिथे आम्ही उष्णता सोसणारे नायलॉन बनवत असू आणि ते खरोखर उष्णता सोसते का, हे तपासत असू. या दोन कामांत जे अंतर आहे, त्याविषयी हे लिहायचे आहे.

मराठीत नायलॉन हा शब्द फार लवकर रुळला. नायलॉनच्या साड्या आल्या, आणि मागोमाग तो शब्द थेट स्वयंपाकघरात शिरला. नायलॉन पोहे, नायलॉन साबुदाणा, नायलॉन शेव: जे जे पातळ, तलम, किंचित पारदर्शक, ते आपण नायलॉन करून टाकले. अलीकडे मात्र संक्रांतीच्या सुमारास हा शब्द नायलॉन मांजाच्या बातम्यांतून येतो आणि तुटता न तुटणाऱ्या, गळे कापणाऱ्या वस्तूचा अर्थ घेऊन येतो. तलम आणि चिवट हे दोन्ही अर्थ त्या पदार्थाला लागू आहेत. 'उष्णता सोसणारे' हा तिसरा अर्थ मात्र लोकभाषेत कधी आला नाही, आणि तो यावा असे नायलॉनने मुळात काही केलेलेही नाही. नायलॉनच्या साडीवर जास्त तापलेली इस्त्री फिरवलेल्या कुणालाही हे सांगावे लागणार नाही.

वॉलेस कॅरोथर्स यांच्या चमूने अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीत २८ फेब्रुवारी १९३५ रोजी पहिल्यांदा जे नायलॉन तयार केले, त्याला ६६ म्हणतात. ज्या दोन रसायनांपासून त्याची साखळी बनते त्या प्रत्येकात सहा-सहा कार्बन असतात म्हणून. जर्मनीत पॉल श्लाक यांनी १९३८ साली एकाच रसायनापासून, कॅप्रोलॅक्टमपासून, जे बनवले ते नायलॉन ६. पहिले सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते, दुसरे २२०च्या आसपास. हे आकडे दिसायला मोठे आहेत; पण मोटारीच्या इंजिनाच्या आसपास, धातूच्या जागी प्लास्टिक बसवायचे म्हटले की ते अपुरे पडू लागतात. मग रसायनशास्त्रज्ञ साखळीत बेंझीनचे वलय घालतात. ॲडिपिक आम्लाच्या जागी टेरेफ्थॅलिक आम्ल घेतले की कडी ताठ होते आणि वितळबिंदू चढतो. पण सगळ्याच कड्या तशा केल्या तर जो पदार्थ मिळतो, त्याला ६टी म्हणतात, तो सुमारे ३७० अंशांला वितळतो; आणि त्याआधीच त्याचे विघटन सुरू होते. म्हणजे तो वितळवून साच्यात घालताच येत नाही. उष्णता सोसण्यात तो इतका पुढे जातो की निरुपयोगी होतो.

यावरचा उपाय म्हणजे भेसळ. शास्त्राने तिला प्रतिष्ठित नाव दिले आहे: सहबहुवारिक. आम्ही नुसते कोपॉलिमर म्हणत असू. एकाच साखळीत दोन प्रकारच्या कड्या मिसळून गुंफायच्या. यातही एक गंमत आहे. नायलॉन ६ आणि ६६ यांच्या कड्या मिसळल्या तर मिश्रणाचा वितळबिंदू दोघांपेक्षाही खाली जातो, कधी दोनशे अंशांच्याही खाली. कारण दोन मापांच्या कड्या एकमेकींच्या स्फटिकात नीट बसत नाहीत आणि रचना विस्कटते. पण ६६ आणि ६टी यांचे तसे होत नाही. ॲडिपिक आम्लाची लांबी आणि टेरेफ्थॅलिक आम्लाची लांबी जवळजवळ सारखी असल्याने ताठ कडी लवचीक कडीच्या जागी स्फटिकात अलगद बसते, आणि तिचे प्रमाण वाढवावे तसतसा वितळबिंदू चढत जातो. १९५०च्या दशकात हे समजले होते. आम्ही ते अर्ध्या शतकानंतर अंधेरीत, पन्नास लिटरच्या ऑटोक्लेव्हमध्ये, स्वतःच्या हातांनी करून पाहत होतो आणि त्याचा आम्हांला नवा शोध लावल्यासारखा आनंद होत होता.

ते काम मला अजून डोळ्यांपुढे दिसते. आधी डायअमाइन आणि आम्ल यांचे मीठ करायचे. आमच्या बोलण्यात ते सॉल्टच. प्रमाण काट्याच्या टोकावर सांभाळावे लागे, कारण दोहोंपैकी एक जण शेकडा एक भागाने जास्त झाला तरी साखळी सुमारे दोनशे कड्यांवर अडून राहते. डायअमाइनचा वास मासळीसारखा. केसांत, ओढणीत राहायचा. बोरिवलीला घरी पोचले की आई विचारी, "आज वाटेत बाजार केलास का?" मीठ आणि पाणी भांड्यात घालून नायट्रोजनने आतली हवा हाकलायची, कारण तिथे चुकून राहिलेली हवा पदार्थ पिवळा करते. मग हळूहळू तापवत न्यायचे. काटा सतरा-अठरा बारवर आला की वाफ सोडायला सुरुवात करायची. पाणी निघून जाते तसतशी साखळी वाढते. शेवटी तळाच्या तोटीतून जाड पांढरी दोरी पाण्याच्या टाकीत उतरे; तिचे दाणे करायचे. एका खेपेला दहा-बारा किलो. दाणे सल्फ्युरिक आम्लात विरघळवून तो द्रव काचेच्या केशनलिकेतून उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. त्यावरून साखळीची लांबी कळते. वितळबिंदू तपासायचा. अपेक्षेइतका चढलेला दिसला की त्या दिवशी चहा मालकांकडून.

इथेच ती गफलत होती, जी समजायला मला शास्त्र शिकूनही बराच काळ लागला. 'उष्णता सोसणे' या शब्दांत दोन निराळे प्रश्न दडलेले आहेत. किती उष्णता, हा एक. आणि किती काळ, हा दुसरा. वितळबिंदू पहिल्याचे उत्तर देतो. ताठ कड्या घातल्या की पहिले उत्तर सुधारते. दुसऱ्या प्रश्नाशी मात्र त्यांचा फारसा संबंध नाही. वितळबिंदूच्या शंभर-सव्वाशे अंश खाली, जिथे पदार्थ घट्ट आणि धडधाकट दिसतो, तिथेही हवेतला ऑक्सिजन साखळीतल्या नायट्रोजनशेजारच्या कार्बनवर गुपचूप काम करत असतो. आधी पृष्ठभाग पिवळा, मग तपकिरी होतो. त्वचेवर केसासारख्या चिरा पडतात. वितळणे ही घटना आहे. हे झिजणे आहे.

झिज रोखण्यासाठी जे घालतात त्याला स्थिरकारक म्हणतात, आणि नायलॉनच्या बाबतीत त्याचा मुकुटमणी आहे तांबे. दशलक्षात पन्नास ते शंभर भाग तांबे, आयोडाइडच्या रूपात, आणि सोबत त्याच्या कितीतरी पट पोटॅशियम आयोडाइड. ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांचे तांब्याशी हाडवैर. तांब्याच्या तारेवर त्यांचे वेष्टन चढवायचे तर तांब्याचा अपाय होऊ नये म्हणून वेगळे औषध घालावे लागते. तेच तांबे नायलॉनमध्ये चिमूटभर गेले की रक्षण करते. दुसरा पर्याय फिनॉल वर्गातल्या स्थिरकारकांचा. ते रंग बिघडवत नाहीत, साधारण उष्णतेत चांगले काम करतात. पण दीडशे अंशांवर दीर्घकाळ टिकण्याची गोष्ट आली की तांब्यापुढे फिके पडतात. तांब्याने मात्र पदार्थाला हिरवट-तपकिरी छटा येते.

आता चाचणीविषयी. नायलॉनच्या डंबेलच्या आकाराच्या पट्ट्या साच्यात ओतायच्या, आणि हवा खेळती असलेल्या ओव्हनमध्ये ठरलेल्या तापमानाला टांगून ठेवायच्या. ठरावीक तासांनी पाच-पाच काढायच्या, कोरड्या जागी थंड करायच्या आणि यंत्रावर ओढून तोडायच्या. कोरडी जागा महत्त्वाची, कारण नायलॉन पाणी पितो. पूर्ण भिजला तर ६६ आपल्या वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी धरतो, आणि ओली पट्टी कोरडीपेक्षा मऊ नि चिवट वागते. जुलैच्या अंधेरीत पट्टी टेबलावर विसरली तर आकडा पावसाचा येतो, पदार्थाचा नाही. मूळ ताकदीच्या निम्मी ताकद उरली की पदार्थाचे आयुष्य संपले असे मानतात. आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांत वीस हजार तासांनी ज्या तापमानाला गुणधर्म निम्म्यावर येतो, त्यावरून पदार्थाला उष्णतेची पायरी देतात. वीस हजार तास म्हणजे सव्वादोन वर्षांहून अधिक. इतका वेळ कुणापाशी नसतो. म्हणून अधिक तापमानाला लवकर म्हातारे करून पाहायचे आणि आऱ्हेनियसच्या सूत्राने मागे हिशेब लावायचा. दहा अंश वाढले की झिज साधारण दुप्पट, हा त्याचा ढोबळ अवतार. उष्णता ही अशी काळाच्या ऐवजी वापरता येते, पण मर्यादेपर्यंतच.

आणि या हिशेबात एक सापळा आहे. स्थिरकारक असलेला पदार्थ सारख्या गतीने झिजत नाही. स्थिरकारक स्वतः खर्ची पडत असतो आणि तोवर पदार्थ जवळजवळ होता तसा दिसतो. शिल्लक संपली की घसरण एकदम होते. आलेख काढला तर तो सपाट चालत जाऊन अचानक कड्यावरून खाली उतरल्यासारखा दिसतो. भरपूर शिल्लक असलेला पदार्थ आणि कशीबशी शिल्लक असलेला पदार्थ, दोघेही सपाटीवर असेपर्यंत सारखेच उत्तम वाटतात. चाचणी कड्याच्या अलीकडे थांबवली तर वाईट पदार्थालाही चांगले प्रमाणपत्र मिळते. आणि त्यातला एकही आकडा खोटा नसतो.

ओव्हन सांभाळण्याचे काम अण्णांकडे होते. अण्णा मूळचे गिरणीतले. परळच्या एका गिरणीत सुताची ताकद तपासण्याच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, त्यानंतर ते गिरणीत परत गेले नाहीत. दोनेक वर्षे मिळेल ते केले आणि मग उपनगरांतल्या लहान कारखान्यांकडे वळले. गिरणीच्या काळात घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या 'बिट्रा'त, म्हणजे १९५४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनमध्ये, नमुने घेऊन जाण्याचे काम त्यांच्याकडे असे आणि तिथली शिस्त त्यांनी उचलली होती. पट्टी तुटतानाचा आवाज ते ऐकत. चांगली पट्टी ताणली जाऊन मग तुटते. म्हातारी झालेली 'कट्' करून जाते. यंत्राने आकडा दाखवायच्या आत अण्णा म्हणत, "गेली ही." शिवाय त्यांची एक स्वतःची वही होती, तपकिरी पुठ्ठ्याची. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत जे लिहायचे ते लिहून झाल्यावर ते तिच्यातही लिहीत.

२००५ साली आमच्या ६६/६टी कोपॉलिमरला पहिली खरी मागणी आली. एका वाहनाच्या इंजिनाजवळून जाणाऱ्या तारा धरून ठेवणारी लहानशी क्लिप, चार-पाच ग्रॅमची. ग्राहकाची अट अशी: १५० अंशांना १००० तासांनंतर निम्मी ताकद उरली पाहिजे. आणि दुसरी अट रंगाची: क्लिप फिक्कट, नैसर्गिक रंगाची हवी. तांबे घालावे तर रंग बिघडणार. म्हणून तांबे वगळून फिनॉल वर्गातला स्थिरकारक घालायचे ठरले. हे मला मान्य नव्हते, असे आज म्हणणे सोपे आहे. मी एकदा सांगून पाहिले आणि गप्प बसले, हे अधिक खरे. आमचा वितळबिंदू उत्तम होता. त्याच्या तेजात दुसरा प्रश्न कुणाला दिसत नव्हता, आणि ज्यांना दिसत होता त्यांना तो विचारायचा नव्हता.

शुक्रवार, २४ जूनला सकाळी पट्ट्या ओव्हनमध्ये गेल्या. १५ जुलैला पाचशे तास भरले. मूळ ताकदीच्या ८४ टक्के शिल्लक. ग्राहकाला घाई होती. पाचशे तासांच्या निकालावर तात्पुरती मंजुरी देतो, उरलेला निकाल मागाहून पाठवा, असे ठरले. अहवाल मी लिहिला. खाली शेरा लिहिला: नमुना उष्णतास्थिर आढळला. माल रवाना झाला.

२५ जुलैला संध्याकाळी साडेसातशे तास झाले. अण्णांनी पाच पट्ट्या काढून रात्रभर कोरड्या पात्रात ठेवल्या. २६ तारखेला सकाळी आम्ही दोघांनी त्या तोडल्या. पाचही वेळा तोच कोरडा आवाज. सरासरी ४७ टक्के. तुटलेल्या तोंडावर कडेने तपकिरी साल आणि आत पांढरा गाभा. तडा सालीतून निघून आत शिरलेला स्पष्ट दिसत होता. अण्णांनी आकडे आपल्या वहीत लिहिले. प्रयोगशाळेची नोंदवही मी पुढे ओढली आणि म्हटले, "दुपारी लिहिते, साहेबांशी बोलून."

दुपारी पाऊस सुरू झाला. त्या दिवसाचे वर्णन मुंबईकरांना करायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. चारच्या सुमारास आमच्या तळमजल्यात पाणी शिरले, मग वीज गेली, आणि ओव्हनचा पंखा थांबला. इतका सवयीचा तो आवाज बंद झाल्यावर खोली एकदम परकी वाटली. लोकल बंद, फोन लागेनात. बोरिवलीला जाणे मला शक्य नव्हते, घाटकोपरला जाणे अण्णांना. मेणबत्ती लावून आम्ही टेबलांवर बसून रात्र काढली. साकीनाक्याला दरड कोसळून माणसे गेल्याचे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळले. त्या रात्री फक्त अंधारातून चालणाऱ्यांच्या हाका ऐकू येत होत्या.

मध्यरात्रीनंतर कधीतरी अण्णांनी विचारले, "मॅडम, सकाळच्या आकड्यांचं काय करायचं?"

"वीज येऊ दे, अण्णा. चाचणी अशीही खंडित झालीच आहे."

"खंडित आता झाली. आकडे सकाळचे आहेत."

मी काही बोलले नाही. तेही बोलले नाहीत. ते वयाने मोठे होते, पण माझ्या हाताखाली होते. आपल्याकडे अशा वेळी कुणी कुणाला पुढे विचारत नाही.

दोन दिवसांनी मालक आले. तळमजल्यावरची यंत्रे चिखलात, कच्च्या मालाची पोती भिजलेली. माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि पहिली तारीख तोंडावर होती. सगळे पाहून झाल्यावर त्यांनी मला विचारले, "त्या क्लिपच्या चाचणीचंही पाण्यातच गेलं असेल ना?"

त्यांना खरोखर माहीत नव्हते, की मला वाट काढून देत होते, हे मी आजतागायत ठरवू शकलेले नाही. मी म्हटले, "हो."

त्या 'हो'व्यतिरिक्त मी कुठेही खोटे बोलले नाही. ग्राहकाला पत्र गेले ते असे: २६ जुलैच्या पुरामुळे चाचणी खंडित झाली, ५०० तासांपर्यंतचे निकाल सोबत जोडले आहेत. दोन्ही वाक्ये अक्षरशः खरी. नव्याने चाचणी लावा, असे कुणी म्हटले नाही. पुराने इतक्या गोष्टी माफ करून टाकल्या होत्या, त्यात हीही एक.

पुढच्या मार्चमध्ये अण्णा निवृत्त झाले. जाताना त्यांनी ती तपकिरी वही माझ्या टेबलावर ठेवली. "गावाला नेऊन काय करू? इथलंच आहे सगळं," इतकेच म्हणाले.

मे २००६मध्ये तक्रारी आल्या. उन्हाळ्यात क्लिपा तडकू लागल्या होत्या. बहुतेक ठिकाणी तारा नुसत्या लोंबल्या. एका वाहनात तार गरम सायलेन्सरला टेकली, वेष्टन वितळले, धूर झाला, आणि चालक वेळेत उतरला. तो उतरला नसता तर, हे वाक्य मी पुढे कधी पूर्ण केले नाही. चौकशी झाली. अहवाल मागवले. चौकशी करणाऱ्यांनी माझा अहवाल वाचला आणि तो नियमाप्रमाणे आहे असे सांगितले: किती तास तपासले ते लिहिले आहे, पुढचे तपासलेले नाही हेही पत्रावरून उघड आहे. दोष पूर्ण चाचणीविना मंजुरी देण्याच्या घाईवर गेला. त्या वेळी ती वही माझ्या खणात होती. मी खण उघडला नाही.

त्यानंतरच्या खेपेपासून तांबे घातले गेले. हिरवट क्लिप ग्राहकाने एका शब्दानेही न कुरकुरता स्वीकारली. रंगाची ती अट कुणी, का घातली होती, हे कुणालाच आठवत नव्हते.

आता मागे वळून त्या अहवालाकडे मी एखाद्या मजकुराकडे पाहावे तशी पाहते, तेव्हा माझे लक्ष आकड्यांकडे जात नाही, शेऱ्याकडे जाते. 'नमुना उष्णतास्थिर आढळला.' कुणाला आढळला? मराठीतली ही कर्ता नाहीसा करणारी रचना प्रयोगशाळांना फार प्रिय आहे; ती वस्तुनिष्ठ वाटते. पण तिच्या आडोशाला एक माणूस उभा असतो, ज्याने कुठे थांबायचे ते ठरवलेले असते. आणि 'उष्णतास्थिर' या विशेषणात 'किती काळ' हा प्रश्न विरघळून जातो. विशेषण गुणधर्म सांगते, जणू तो वस्तूच्या अंगी कायमचा आहे. खरे तर पदार्थाचे स्थैर्य ही एक शिल्लक असते, आणि ती संपेपर्यंतच ते विशेषण खरे असते. कदाचित माणसांच्या प्रामाणिकपणाविषयीही असेच म्हणता येईल. दीडशे अंशांना पाचशे तासांपर्यंत मीही उत्तम होते.

पण ही तुलना फार ताणू नये, कारण तिच्यात एक सोयीस्कर सुटका आहे. पट्टीला पर्याय नसतो. तिच्यात जेवढे घातले आहे तेवढेच खर्च होते. माझ्यासमोर नोंदवही उघडी होती.

ते दिवस सरले. कारखाना काही वर्षांनी अंधेरी सोडून गेला. त्या जागेवर काचेची इमारत आहे, आणि तिला जुने नाव चिकटलेले नाही. अण्णा कोकणात गावी असत. २०१५ साली मी त्यांना भेटायला गेले तेव्हा मेच्या तक्रारींची हकिकत पहिल्यांदा सविस्तर सांगितली. चालकाची, चौकशीची, बंद खणाची. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "वही जपून ठेवलीत ना?" मी हो म्हटले. या वेळचे हो खरे होते. त्यांनी घरात हाक मारून चहा टाकायला सांगितला.

अलीकडे मी कधीमधी नव्याने प्रयोगशाळेत लागलेल्या मुलांना शिकवायला जाते. आऱ्हेनियसचे सूत्र त्यांना माझ्याहून चांगले येते आणि संगणक आलेख क्षणात काढतो. मी त्यांना एवढेच सांगते की अहवालात शेवटी एक ओळ कर्तरी वाक्यात लिहावी: चाचणी मी अमुक तासांना थांबवली, कारण अमुक, आणि त्यानंतरचे मला जे माहीत आहे ते असे. मुले विचारतात, मानकात तर अशी ओळ नाही? नाही, हे खरे आहे.

मग मी त्यांना वहीतले ते पान दाखवते. अण्णांचे अक्षर गिरणीतल्या कारकुनासारखे, टपोरे. २६-७-२००५, सकाळ. ७५० तास. पाच आकडे, एकाखाली एक. खाली सरासरी, आणि तिच्याखाली दोन सह्यांसाठी आखलेल्या दोन रेघा. एकीवर त्यांची सही आहे. दुसरी रेघ अजून कोरी आहे. आता तिच्यावर सही करण्यात अर्थ नाही, म्हणून मी ती तशीच ठेवली आहे.